दोन तासांची वाट

जेरुसलेमपासून बेथलेहेम साधारण नऊ किलोमीटर. डोंगरधारेवरून दक्षिणेला जाणारी वाट; धडधाकट माणूस दोन तासांत, फार तर अडीच तासांत पायी पोचावा. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडला की येशूजन्माची सगळी कथा या एवढ्याशा अंतरावर येऊन उभी राहते. पूर्वेकडचे ज्ञानी लोक जेरुसलेमात येतात आणि नुकत्याच जन्मलेल्या राजाचा पत्ता विचारत फिरतात. राजा हेरोद हबकतो. त्याच्याबरोबर शहरही हबकतं. मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावणं जातं, आणि ते लगेच सांगतात की मसीहा बेथलेहेमात जन्मायचा आहे, मीखा संदेष्ट्यानं तसं लिहून ठेवलेलं आहे. मीखा त्यांच्या सातशे वर्षं आधीचा. गावाचं नाव बरोबर, आधार बरोबर, वचन तोंडपाठ.

आणि त्यांच्यातला एकही जण बेथलेहेमला गेल्याचं मत्तय लिहीत नाही.

तो त्यांना दोषही देत नाही. पाहुणे निघतात, त्यांच्यामागोमाग कथा निघते, आणि ते विद्वान राजवाड्यात आहेत तिथंच राहतात. लहानपणापासून मी नाताळाच्या उपासनेत हेरोदावर पुष्कळ प्रवचनं ऐकली. हेरोद सोपा आहे. त्याचा गर्व, त्याची भीती, त्याचं क्रौर्य लांबून ओळखू येतं. शिवाय काहीतरी घडलं आहे एवढं त्याला कळलं तरी होतं. मला जास्त घोर लावतात ते शास्त्री. पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वाट पाहायची त्याच्या जन्मगावाचं नाव त्यांना ठाऊक, परके लोक दारात येऊन सांगताहेत की तो जन्मला, आणि दोन तास चालून बघून यावं असं कुणालाही वाटत नाही. ते दुष्ट होते असं कुठंच म्हटलेलं नाही. त्यांना माहीत होतं, आणि माहीत असणंच त्यांना पुरलं.

येशूजन्माच्या कथेतली लीन माणसं म्हणजे गरीब माणसं, असं आपण पटकन धरून चालतो. बरीचशी होतीही गरीब. पण पूर्वेकडचे ते पाहुणे गरीब नव्हते. त्यांच्यापाशी सोनं होतं, ऊद होता, गंधरस होता, महिनोन्‌महिने प्रवास करण्याची ऐपत होती. ते किती जण होते हे मत्तय सांगत नाही, ते राजे होते असंही म्हणत नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन झाली; रोमच्या प्रिसिल्लाच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातल्या चित्रात ती तिघंच दिसतात. राजेपण आणि कास्पार, मेल्खियोर, बाल्थाझार ही नावं आणखी उशिराची. मुळात ते आकाश वाचणारे, बहुधा इराणच्या किंवा बाबिलोनच्या बाजूचे विद्वान. त्यांची लीनता त्यांच्या विचारण्यात आहे. ताऱ्यांच्या अभ्यासात हयात घालवलेली ही माणसं अशा जागी येऊन पोचली, जिथून पुढं त्यांची विद्या त्यांना नेईना. मग त्यांनी परक्या शहरात, परक्या धर्माच्या लोकांना, ज्या ग्रंथातलं एक अक्षर त्यांनी शिकलेलं नव्हतं त्या ग्रंथाच्या जाणकारांना रस्ता विचारला. ज्याला आपल्या विषयात मान आहे त्याला असं उघड्यावर विचारणं किती जड जातं, हे मान मिळालेल्या माणसालाच कळेल.

आणि बेथलेहेमला पोचल्यावर काय दिसलं? एक घर, एक बाई, तिचं मूल. राजाला शोधत ते राजधानीत गेले, ते स्वाभाविकच होतं. पण आता समोर सिंहासन नाही, पहारा नाही. आपला हिशेब कुठंतरी चुकला असं त्यांना वाटू शकलं असतं. त्यांनी गुडघे टेकले आणि थैल्या उघडल्या.

या परक्यांना त्या गावानं पुढं जपून ठेवलं. बेथलेहेमच्या जन्ममंदिराविषयी एक जुनी गोष्ट सांगतात. 614 साली इराणी सैन्य पॅलेस्टाइनमधली चर्चं उद्ध्वस्त करत आलं, पण हे एक मंदिर त्यानं सोडलं. कारण तिथल्या चित्रात बाळापुढं वाकलेले ज्ञानी लोक त्यांच्याच देशाच्या पोशाखात होते. ही दंतकथा असेल. मंदिर मात्र वाचलं, आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं बांधवलेली ती वास्तू आज उभी आहे. गोव्यात मांडवीच्या काठावर, किल्ल्याच्या पायथ्याशी रेइश मागुश चर्च आहे, त्याचं नावच या तीन राजांवरून पडलेलं. 6 जानेवारीच्या सणाला तिथं आणि कासावली, चांदोर अशा गावांत मुलगे राजांचा पोशाख करून, डोक्यावर मुकुट घालून घोड्यांवरून येतात. चर्चपाशी आले की घोड्यावरून उतरतात. मला त्या सणातला हा उतरण्याचा क्षण सगळ्यांत आवडतो.

इथं थांबून एक कठीण गोष्ट बोलली पाहिजे, कारण नाताळच्या गाण्यांतून ती बहुतेक वेळा वगळली जाते. त्या पाहुण्यांनी भाबडेपणानं जेरुसलेमात विचारलं, म्हणूनच हेरोदाला कळलं. ते दुसऱ्या वाटेनं आपल्या देशी निघून गेले, योसेफ रातोरात बायकोमुलाला घेऊन मिसरकडे निघाला, आणि मागं राहिलेल्या बेथलेहेमातल्या दोन वर्षांच्या आतल्या मुलग्यांवर तलवार चालली. इतिहासकार योसेफसनं हेरोदाची क्रौर्यं पानोपानी नोंदवली आहेत, त्यानं पोटच्या मुलांना ठार केल्याचंही लिहिलं आहे. बेथलेहेमच्या या बाळांचा उल्लेख मात्र त्यात नाही. तो फक्त मत्तयापाशी आहे. लहानशा गावातली मोजकी बाळं राजांच्या इतिहासात कशाला येतील? मत्तयानं त्यांच्या आयांचं रडणं लिहून ठेवलं, आणि त्यासाठी त्याला राहेलीची आठवण झाली. याकोबाची लाडकी बायको, बेथलेहेमच्या वाटेवर बाळंतपणात गेलेली. देवाला शोधायला निघालेल्या चांगल्या माणसांच्या प्रश्नानंही कुणाचं तरी घर उजाड होऊ शकतं, हे ही कथा लपवत नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्या कथेत हा आकांत जागा धरून आहे तिच्यावरच मी विश्वास ठेवू शकते, एवढं मात्र खरं.

राहेलीची कबर म्हणून जी जागा दाखवतात ती बेथलेहेमच्या उत्तर टोकाला, जेरुसलेमच्या वाटेवरच आहे. आज ती उंच काँक्रीटच्या भिंतींनी वेढलेली आहे. त्या जुन्या वाटेवर इस्रायली तपासणी नाका आहे आणि बेथलेहेमच्या पॅलेस्टिनी माणसाला जेरुसलेमात जायचं तर परवाना लागतो. 2023 च्या डिसेंबरात, गाझात माणसं मरत असताना, बेथलेहेमनं नाताळची रोषणाई आणि उत्सव रद्द केले. तिथल्या लुथरन चर्चमध्ये त्या वर्षी बाळ येशूची मूर्ती गव्हाणीऐवजी फुटक्या विटा-दगडांच्या ढिगाऱ्यात ठेवली होती.

मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात आहेत, आणि लूक त्यांना अगदी थोडक्यात उभं करतो. रानात मुक्काम, रात्रीचा पहारा, कळप. बेथलेहेमच्या पूर्वेला बेत साहूर गाव आहे, त्याच्या शिवारात मेंढपाळांची म्हणून दाखवतात अशी जागा ग्रीक ऑर्थोडॉक्सांचीही आहे आणि फ्रान्सिस्कनांचीही. त्या भागातून आग्नेयेला नजर टाकली की वर कापल्यासारखा सपाट दिसणारा एक डोंगर उभा आहे. तो हेरोदियम, हेरोदानं स्वतःच्या नावानं बांधलेला महाल आणि किल्ला. इस्रायली पुरातत्त्वज्ञ एहूद नेत्झर यांना 2007 साली त्याच्याच उतारावर हेरोदाच्या कबरीचे अवशेष सापडले. म्हणजे ज्या रात्री मेंढपाळांना दूतांकडून बाळाच्या जन्माचा निरोप मिळाला त्या रात्रीही राजाचा महाल त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. निरोप तिकडे गेला नाही.

मेंढपाळ ही त्या काळची अगदी बदनाम, वाळीत टाकलेली जमात होती, असं पुष्कळ प्रवचनांत ऐकू येतं. नंतरच्या यहुदी धर्मशास्त्रात जनावरं दुसऱ्यांच्या रानात घालणाऱ्यांची साक्ष धरू नये असे नियम आहेत, त्यावरून हे बोललं जातं. मला ते थोडं ताणलेलं वाटतं. दावीद राजा याच बेथलेहेमचा आणि मेंढरं राखणाराच होता. यहुदी मनात मेंढपाळाला एक जुना मानही होता. पण मान दाविदाला मिळाला. रानात झोपणाऱ्या, ज्यांची नावं लिहून ठेवावीत असं लूकलाही वाटलं नाही अशा राखणदारांना कोण विचारत होतं? त्यांच्याकडे वचन नव्हतं, तारा नव्हता, द्यायला काही नव्हतं. त्यांना मिळालेली खूणही केवढी साधी: बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत निजवलेलं मूल. अशी खूण शास्त्र्यांच्या उपयोगाची नव्हती. मेंढपाळांच्या होती. गव्हाण कुठं असते, रात्री अंधारात ती कशी शोधायची, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या गावात नाताळच्या आदल्या रात्री चर्चच्या आवारात मुलांचं नाटक असे. सगळ्या मुलांना राजे व्हायचं असायचं, कारण राजांना सोनेरी कागदाचा मुकुट मिळायचा. मेंढपाळांच्या वाट्याला काठी आणि घोंगडी. एका वर्षी गावाबाहेरच्या शिवारात धनगरांचे वाडे उतरले होते. ज्वारी-बाजरीच्या रानात मेंढरं बसवली होती. तिथल्या एका म्हाताऱ्या धनगराची घोंगडी नाटकासाठी मागून आणली, म्हणून तोही बघायला आला. नाटक संपल्यावर तो माझ्या आजीपाशी आला. आजी चर्चच्या पायरीवर बसली होती.

“मावशी, समदी गेली म्हणता त्या बाळाला बघाया. मंग मेंढरांपाशी कोण ऱ्हायलं?”

आजीनं बायबल कितीदा तरी वाचलेलं. ती जरा थांबून म्हणाली, “ते लिहिलेलं नाही, दादा.”

“येक तरी ऱ्हायलाच आसंल,” तो म्हणाला. “रातच्याला मेंढरं अशी टाकून जाता येत न्हाई. त्याला मागनं सांगितलं आसंल त्येंनी.”

नाताळविषयी याहून खोल काही मी ऐकलेलं नाही. रात्रीचं रान म्हणजे लांडगा, चोर, वाघरीतून निसटणारी कोकरं. ज्याची उपजीविका दुसऱ्याचा कळप राखण्यावर आहे त्यानं तो सोडून जाणं म्हणजे काय, हे त्या माणसाला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. शास्त्र्यांना दोन तास जमले नाहीत. मेंढपाळांनी मात्र जे गमावणं त्यांना परवडणारं नव्हतं तेच पणाला लावलं. आणि त्या मागं राहिलेल्या एकाचा विचार मी पुष्कळ वर्षं करते आहे. त्यानं दूतांचं गाणं ऐकलं असेल, पण बाळ पाहिलं नाही. सोबत्यांना जाता यावं म्हणून तो राहिला. पहाटे ते परत आले तेव्हा त्यानं त्यांच्या तोंडून ऐकलं. आपण सगळे त्याच्याच बाजूला बसलेलो आहोत; आपल्यालाही जे कळलं ते कुणीतरी जाऊन येऊन सांगितलेलं.

त्या रात्रीभोवती आपण जे चित्र उभं करतो त्यातलं कितीतरी मूळ कथेत नाही. दार लावून घेणारा धर्मशाळेचा मालक लूकनं लिहिलेला नाही. बैल आणि गाढवही नाही. ती यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून, आपल्या धन्याला आणि त्याच्या गव्हाणीला ओळखणारी जनावरं म्हणून नंतर आत आली, आणि आली ते मला योग्य वाटतं. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात फ्रान्सिस असिसीकरानं एका डोंगरकपारीत खरं गवत पसरलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून बांधलं आणि आसपासच्या लोकांना नाताळच्या रात्री बोलावलं. ते मशाली, मेणबत्त्या घेऊन आले. फ्रान्सिसला पवित्र भूमीतलं बेथलेहेम ठाऊक होतं. पण तिकडे जाणं ज्यांना या जन्मी शक्य नव्हतं, अशांना त्यानं रानातल्या चार पावलांवर गव्हाणीपर्यंत नेलं. आज वसईपासून गोव्यापर्यंत घराघरांत मुलं जे देखावे उभे करतात, त्यांचं मूळ त्या रात्रीत आहे.

खुद्द बेथलेहेमच्या मंदिराचं दार आता जेमतेम चार फूट उंचीचं आहे. घोडेस्वारांना आणि गाड्यांना आत घुसता येऊ नये म्हणून ते लहान करण्यात आलं; भिंतीकडे पाहिलं तर जुन्या मोठ्या दाराची आणि क्रूसयोद्ध्यांच्या काळातल्या कमानीची खूण अजून दिसते. त्याला लीनतेचं दार म्हणतात. आत ग्रीक, आर्मेनियन आणि लॅटिन पंथांच्या हक्काच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि त्यांवरून साधूंमध्ये हाणामारीपर्यंत वेळ आलेली आहे. दारातून वाकून आत जाणं कुणालाही जमतं. आत गेल्यावर वाकलेलं राहणं अवघड.

ग्रंथ जाणणाऱ्यांविषयी मी वर कठोर बोलले, म्हणून महाराष्ट्रातल्या एका विदुषीचं नाव इथं घेतलंच पाहिजे. पंडिता रमाबाई 1858 साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, त्याबद्दल समाजाचा रोष पत्करला, आणि घर मोडून तीर्थयात्रेला निघाले. पुराण सांगायचं, मिळेल त्यावर जगायचं, पुढच्या क्षेत्राला चालू लागायचं. रमाबाईंचं बालपण आणि तरुणपण असं वाटेवर गेलं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. त्यानंतर रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी फिरत राहिले, उपास, नद्यांची स्नानं, देवदर्शनं करत राहिले. त्या शोधात किती चालावं लागलं आणि हाताला काय लागलं नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. तिथं थांबून त्यांना सुखानं मान मिरवता आला असता. त्या थांबल्या नाहीत. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या मिशनऱ्यांच्या सान्निध्यात तो घेतला त्यांनाही त्या निमूटपणे शरण गेल्या नाहीत, प्रश्न विचारत राहिल्या.

पुढं केडगावच्या मुक्ती सदनात, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींच्या धबडग्यात, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळातून बायबलचा मराठी अनुवाद केला. संस्कृतात सभा जिंकलेल्या या बाईंनी मराठी निवडली ती खेड्यातल्या, नुकतंच अक्षर कळू लागलेल्या बाईला वाचता येईल अशी साधी. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या मुलींच्या हातून झाली. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या; सगळं बायबल ग्रंथरूपानं 1924 साली निघालं. त्याआधी तीनशे वर्षं, 1616 मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं गोव्यात मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचून छापलं होतं, तेही नव्यानं ख्रिस्ती झालेल्या माणसांच्या कानांना ओळखीच्या चालीत येशूचा जन्म ऐकता यावा म्हणून. पण रमाबाईंचं काम मला अधिक जवळचं, कारण आधी त्या स्वतः चालल्या होत्या. शास्त्र्यांच्या घरात जन्मून त्या पूर्वेकडच्या पाहुण्यांच्या वाटेनं गेल्या, आणि वाटेवर जे सापडलं ते मेंढपाळांच्या हाती दिलं.

मरियेबद्दल फार थोडं बोलावंसं वाटतं, तिच्यावर इतकं बोलून झालं आहे. नासरेथ त्या वेळी काहीशे वस्तीचं खेडं. दूताचा निरोप आल्यावर तीही प्रश्न विचारते, आणि मग उठून यहुदाच्या डोंगराळ भागात आपल्या नात्यातल्या म्हाताऱ्या अलीशिबेकडे जाते. तो काही दिवसांचा प्रवास. तिथं ती जे गाते त्यात गादीवरचे खाली येतात आणि भुकेले जेवतात. ही लीन मुलगी गाताना अजिबात खालच्या मानेनं गात नाही. योसेफ तर चारी शुभवर्तमानांत एक शब्द बोलत नाही. त्याला स्वप्न पडतं, तो उठतो आणि सांगितलं ते करतो. दर वेळी तेवढंच.

आता जेरुसलेमच्या मंदिरातली गोष्ट. मत्तय आणि लूक आपापली कथा वेगवेगळी सांगतात, ती एका दोऱ्यात ओवणं कठीण आहे हे मला माहीत आहे. तरी लूकच्या दुसऱ्या अध्यायाचा उत्तरार्ध वाचताना मला त्या शास्त्र्यांची आठवण होतेच. जेरुसलेम बेथलेहेमला गेलं नाही, तेव्हा मूलच जेरुसलेमला आलं. नियमशास्त्राप्रमाणे मुलगा झाल्यावर चाळीस दिवसांनी आईनं शुद्धीसाठी मंदिरात अर्पण आणायचं असतं: एक कोकरू, आणि ते झेपत नसेल तर होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं. लूक कोकराचं नाव घेत नाही. योसेफ आणि मरिया पाखरं घेऊन आली. मंदिर हेरोदानं नव्यानं बांधायला घेतलेलं, त्याचं प्रचंड आवार, हजारोंची वर्दळ, याजक आपल्या कामात. त्या गर्दीत पाखरं घेऊन आलेलं खेड्यातलं एक जोडपं कुणाच्या नजरेत भरावं?

दोन म्हाताऱ्या माणसांच्या भरलं. शिमोन तिथं आत्म्याच्या प्रेरणेनं आलेला. त्यानं बाळ हातांत घेतलं आणि आता मला सुखानं जाऊ दे असं देवाला म्हटलं. त्याचे ते शब्द चर्च आजही रात्रीच्या प्रार्थनेत म्हणतं. मरियेला त्यानं गोड काही सांगितलं नाही. तुझ्या काळजातूनही तलवार जाईल असं तिला बजावलं. दुसरी हन्ना, फनुएलची मुलगी, आशेर वंशातली. लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेला, आणि आता वय चौऱ्याऐंशी. उपास, प्रार्थना, मंदिर सोडून कुठं जाणं नाही. शिमोन आणि हन्ना ही चालून आली नाहीत, ती थांबून राहिली. पण त्यांचं थांबणं शास्त्र्यांच्या थांबण्यासारखं नव्हतं. इतकी वर्षं जे मूल नजरेपुढं आलं त्याकडे ती पाहत राहिली असणार, हे असेल का, हे असेल का.

माझ्या आजीचा या सगळ्यांत हन्नेवर जीव. आजीही तरुणपणीच विधवा झाली. मुलं वाढवली, रोज पहाटे चर्चचं आवार झाडलं, रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. नाताळच्या वाचनात हन्नेचं नाव आलं की ती लुगड्याचा पदर सारखा करून नीट बसायची. तिची एकच तक्रार होती. शिमोन काय बोलला ते लूकनं सगळं लिहिलं, हन्नेचं मात्र एवढंच, की जेरुसलेमच्या सुटकेची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना तिनं त्या बाळाविषयी सांगितलं. काय सांगितलं?

मी एकदा तिला विचारलं, तुला काय वाटतं, काय सांगितलं असेल.

आजीला विचार करावा लागला नाही. “अगं, काय सांगणार? मी बघितलं म्हणाली असंल. तिकडं त्या खांबापाशी आहे, आईच्या कडेवर. त्यांना अजून गावाला जायचंय, ती निघायच्या आत गाठा म्हणाली असंल.”